पट आडवा, मात पक्की

पटाबाहेरचं बुद्धिबळ : लेखांक ६

टीव्हीवर विमा कंपनीच्या किंवा बँकेच्या जाहिरातीत बुद्धिबळाचा पट दिसला, की सूट घातलेल्या त्या गंभीर माणसाकडे बघत बसू नका. त्याच्या उजव्या हाताला, त्याच्या सगळ्यात जवळचं कोपऱ्यातलं घर बघा. ते पांढरं असायला हवं. काळं असेल तर पट आडवा लागलाय.

पट चौरस असल्यामुळे हे सहज घडतं. कलाविभागातल्या माणसाने तो खोक्यातून काढून टेबलावर नुसता ठेवून दिला, तर निम्म्या वेळा तो चुकीचाच बसणार. आणि एकदा पट आडवा बसला की पुढचंही बिघडतं. पांढरा वजीर पांढऱ्या घरात आणि काळा काळ्या घरात, असा मांडणीचा नियम. आडव्या पटावर वजिराचा रंग सांभाळायला गेलं तर राजा-वजिराच्या जागांची अदलाबदल होते. जागा सांभाळल्या तर रंग जातो. क्रिकेटच्या जाहिरातीत चार स्टंप रोवलेले दिसले असते तर आपल्याकडे केवढा गदारोळ झाला असता! बुद्धिबळाला ही तपासणी लागत नाही, कारण जाहिरातवाल्याला खेळ नकोच असतो. त्याला ‘हा माणूस हुशार आहे’ एवढंच दोन सेकंदांत सांगायचं असतं. चष्मा लावण्यापेक्षा पट मांडणं जरा भारदस्त वाटतं, इतकंच.

दुसरी खूण शेवटाची. जाहिरातीतला डाव नेहमी दणक्यात संपतो. सोंगटी खाडकन आपटते, समोरचा राजा आडवा होतो आणि कुणीतरी ‘चेकमेट’ म्हणतं. तयारीच्या खेळाडूंच्या डावात पटावर प्रत्यक्ष मात क्वचितच होते. डाव बुडाला हे ज्याचं त्याला कितीतरी चाली आधी कळतं. तो घड्याळ थांबवतो, हात पुढे करतो आणि डावाच्या नोंदीच्या कागदावर सही करतो. वरच्या पातळीवर तर बरोबरीत सुटलेल्या डावांची संख्या मोठी असते. पण चार-पाच तास डोकं खाजवून शेवटी अर्धा-अर्धा गुण वाटून घेणाऱ्या माणसांवर म्युच्युअल फंड कसा विकणार?

एका जाहिरातीने मात्र बरोबरीच विकली. नोव्हेंबर २०२२ मध्ये, कतारमधला फुटबॉल विश्वचषक सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, लुई व्हिताँने अ‍ॅनी लिबोवित्झ यांनी टिपलेलं छायाचित्र प्रसिद्ध केलं. मेस्सी आणि रोनाल्डो समोरासमोर, मध्ये कंपनीची चौकड्यांची ब्रीफकेस, तिच्यावर मोहरे. बुद्धिबळवाल्यांनी ती मांडणी लगोलग ओळखली : २०१७ च्या नॉर्वे स्पर्धेतला कार्लसन-नाकामुरा डाव. तो बरोबरीत सुटला होता. मेस्सी आणि रोनाल्डो यांत थोर कोण, या कधीच न मिटलेल्या वादावर इतकं नेमकं भाष्य दुसरं कुठलं असेल? इथे पटाला खरंच काहीतरी म्हणायचं होतं.

सिनेमावाल्यांनी त्या मानाने अधिक कष्ट घेतले. १९६३ च्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या बाँडपटातला व्हेनिसचा डाव १९६० मध्ये लेनिनग्राडला झालेल्या स्पास्की-ब्रॉन्स्टाइन डावावरून उचललेला आहे. फक्त मधली दोन पांढरी प्यादी गायब केली आहेत. ती गेल्यामुळे स्पास्कीची सुंदर युक्ती तितकी भक्कम राहत नाही, पण हे चित्रपटगृहात कुणाच्या लक्षात येणार? ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’मध्ये अंतराळवीर संगणकाशी हरतो, तो डावही हॅम्बुर्गला १९१० मध्ये खेळला गेलेला. कुब्रिक स्वतः न्यूयॉर्कच्या बागेत पैसे लावून खेळणारा गडी, त्याला नकली डाव खपला नसता.

माणूस विरुद्ध यंत्र हा विषय निघालाच आहे, तर माझ्या मते बुद्धिबळाची आजवरची सगळ्यात मोठी जाहिरात टीव्हीच्या दोन कार्यक्रमांच्या मध्ये लागली नाही, ती बातम्यांत लागली. मे १९९७, न्यूयॉर्कमधल्या एका उंच इमारतीचा ३५ वा मजला. जगज्जेता कास्पारोव्ह आणि आयबीएमचा संगणक ‘डीप ब्लू’ सहा डाव खेळले. डीप ब्लू सेकंदाला वीस कोटी मांडण्या तपासायचा. प्रेक्षक खेळाच्या खोलीत नव्हते. ते त्याच इमारतीतल्या सभागृहात पडद्यांवर डाव बघत होते. आणि पडद्यावर यंत्र कुठे दिसतच नव्हतं! काळ्या कपाटांसारखा तो संगणक दुसरीकडे; कास्पारोव्हच्या समोर बसायचा कंपनीचा एक अभियंता. तो बाजूच्या पडद्यावर आलेली चाल वाचायचा आणि मुकाट्याने मोहरा हलवायचा. दुसऱ्या डावात कास्पारोव्हने हार पत्करली आणि मागाहून कळलं की त्या स्थितीत त्याला बरोबरी साधता आली असती. सहावा डाव अवघ्या १९ चालींत आटोपला. निकाल साडेतीन-अडीच. आयबीएमने परतीचा सामना दिला नाही, यंत्र निवृत्त केलं, त्यातलं एक कपाट आता स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. कंपनीच्या बाजूने हा शहाणपणाच होता म्हणा. जिंकलेली जाहिरात पुन्हा कोण पणाला लावतं?

याचा पुढचा अंक पेप्सीने रंगवला. २००१ च्या सुपर बोलच्या वेळी दाखवलेल्या जाहिरातीत खुद्द कास्पारोव्ह संगणकाला हरवतो, माणूस कसा श्रेष्ठ ते ऐकवतो आणि मग इमारतीतली यंत्रं चिडून त्याच्यावर उलटतात. त्यात पेप्सीचं मशीनही आलंच. हरलेल्या माणसाने स्वतःच्या जखमेवर हसून पैसे मिळवले. जाहिरातीतलं हे एक बुद्धिबळ मला मनापासून आवडतं.

आपल्याकडे पडद्यावरचा बुद्धिबळपटू पहिल्यापासून हुशार नव्हता. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’तले (१९७७) मीर आणि मिर्झा आठवा. अवध राज्य इंग्रजांच्या घशात चाललंय आणि हे दोघे खेळतायत. मोहरे नाहीसे झाले तर स्वयंपाकघरातल्या जिनसा पटावर मांडून खेळतायत. प्रेमचंदांच्या मूळ कथेत दोघे शेवटी एकमेकांचा जीव घेतात. राय त्यांना भांडून झाल्यावर पुन्हा पटाशी बसवतात, तेही इंग्रजी नियमांनी. बुद्धिबळ म्हणजे घरबुडवा नाद, ही समजूत मराठी घरांनाही परकी नव्हती. ती पालटली विश्वनाथन आनंदमुळे. १९८८ मध्ये तो भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला, आणि पुढे संगणक शिकवणाऱ्या एनआयआयटीने त्याला आपला चेहरा केलं. ज्या खेळापायी पोरगं वाया जाईल अशी भीती होती, तोच खेळ आता पोरांच्या भवितव्याची हमी म्हणून झळकू लागला.

मग २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर ‘द क्वीन्स गॅम्बिट’ ही मालिका आली. कास्पारोव्ह आणि ब्रूस पँडोल्फिनी सल्लागार असल्यामुळे तिच्यातले पट सरळ, चाली अस्सल. चूक झाली ती माणसाबाबत. शेवटच्या भागात समालोचक म्हणतो की नोना गाप्रिंदाश्विली ही महिला जगज्जेती असली तरी पुरुषांशी कधी खेळलेली नाही. जॉर्जियाच्या नोनाबाई तेव्हा हयात होत्या आणि गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. मालिकेतली ती घटना १९६८ ची. तोवर आपण किमान ५९ पुरुषांशी खेळलो होतो, असं सांगत त्यांनी २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर पन्नास लाख डॉलरचा दावा ठोकला. वर्षभराने तडजोड झाली. गंमत म्हणजे वॉल्टर टेव्हिसच्या मूळ कादंबरीत उलट म्हटलं आहे : त्या रशियन ग्रँडमास्टरांशी अनेकदा खेळल्या होत्या. म्हणजे काल्पनिक नायिका उंच दिसावी म्हणून खऱ्या बाईची उंची कापली.

बाईचा खेळ सोडून बाकी सगळं बघायची ही खोड फक्त पटकथा लिहिणाऱ्यांची नाही. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झेची स्पर्धा आटोपल्यावर नागपूरच्या दिव्या देशमुखने समाजमाध्यमावर सडेतोड लिहिलं : प्रेक्षक माझे कपडे, केस, उच्चार यांवर बोलतात, चालींवर कुणी बोलत नाही. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. पुढल्या वर्षी जुलैत तिने बातुमीला, म्हणजे नोनाबाईंच्याच जॉर्जियात, कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. जिंकल्यानंतर ती आईच्या गळ्यात पडून रडली, आणि वाहिन्यांनी दिवसभर तेच दाखवलं. ते दाखवू नये असं कोण म्हणेल? पण कुठल्या चालीवर डाव फिरला, हे सांगायला दहा सेकंद द्यायला हरकत नव्हती.

पुढच्या आठवड्यात : बुद्धिबळाचं घड्याळ.