घाट चढण्याआधी शॉकअपची खाच पाहिलीत का?

पिपरियाहून मटकुलीपर्यंतचा रस्ता फारसा त्रास देत नाही. खरा चढ लागतो त्यानंतर, पचमढीकडे. तुम्ही जबलपूरहून मोटारसायकलवर निघाला असाल, मागे घरचं माणूस आणि कॅरियरवर बॅग असेल, तर इथे हँडल अचानक हलकं वाटू लागतं. गाडी वळवायला जावं, तर ती थोडी सरळच जाते. माझ्या बाबतीत एका डाव्या वळणावर ती रस्त्याच्या मध्याच्या पलीकडे गेली आणि नेमकी समोरून जीप आली. जीपवाल्यानं सांभाळून घेतलं. मागे बसलेल्या बायकोनं पुढे दोन किलोमीटर माझा खांदा सोडला नाही.

मला वाटलं, टायरचाच काही दोष असेल. पण टायर ठीक होता. गाडी मागून बसलेली होती.

चढावर वजन मागे सरकतं. गाडी, दोन माणसं आणि सामान मिळून २७० किलो धरा. दहा मीटरला एक मीटर चढ असेल, तर ढोबळ हिशेबानं पुढच्या चाकावरचे १५ किलो मागच्या चाकावर जातात. मागे बसणाऱ्याचं बहुतेक वजन आधीच मागच्या चाकावर असतं. त्यामुळे मागची स्प्रिंग दबते, पुढचं टोक उचललं जातं आणि पुढच्या चाकाची पकड कमी होते. गुलमर्गच्या बर्फावर फिरणाऱ्या स्नोमोबाईलचंही दुखणं हेच. तीव्र चढावर तिच्या पुढच्या पट्ट्या बर्फावरून उचलल्या जातात, म्हणून जाणकार चालक आतला एक पट्टा आखूड करून पुढचं टोक खाली धरून ठेवतात. आपल्या दुचाकीला असा पट्टा नसतो, पण मागच्या शॉकअपवर खाचांचं कडं असतं.

बहुतेक मोटारसायकलींना पाच खाचा असतात, काही स्कूटरना तीन. कडं फिरवलं की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते. ती जास्त कडक होते असा अनेकांचा समज आहे, तो बरोबर नाही. स्प्रिंग तीच राहते. फक्त तेवढ्याच वजनाखाली गाडी कमी बसते आणि पुढच्या खड्ड्यासाठी जागा उरते.

घरीच मोजून पाहा. गाडी मधल्या स्टँडवर लावा, म्हणजे मागचं चाक अधांतरी राहील. चाकाच्या मधल्या नटापासून सीटखालच्या एका ठरावीक खुणेपर्यंत टेपनं अंतर घ्या. मग स्टँड काढा, दोघंही बसा, बॅग ठेवा आणि तिसऱ्या माणसाला तेच अंतर मोजायला सांगा. हे काम मुलांना फार आवडतं. चाकाची वरखाली हालचाल ९० मिलिमीटर असेल, तर दोन्ही मापांतला फरक ३० च्या आसपास हवा. ४० पेक्षा जास्त आला तर एक खाच वाढवा आणि पुन्हा मोजा. कडं फिरवायला टूलकिटमधला वाकडा हुकाचा पाना लागतो. दोन शॉकअप असतील तर दोन्हींची खाच सारखीच ठेवा. सायलेन्सर गरम असताना मात्र हात घालू नका.

सीट जोरानं दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा डोलली, तर आतल्या तेलाचा जोर गेला आहे. मग खाच बदलून उपयोग नाही, शॉकअपच बदलावा लागतो. गॅस भरलेला शॉकअप स्वतः कधी उघडू नका.

या तेल-स्प्रिंगच्या बाबतीत जबलपूर काही नवखं नाही. १९०४ पासून इथे तोफांचे गाडे बनतात. तोफ सुटली की नळी मागे ढकलली जाते आणि तो धक्का तेलाच्या दट्ट्यानंच झेलावा लागतो. १९६९ साली सुरू झालेल्या वाहन कारखान्यानं लष्कराला ट्रक पुरवले. आणि जोंगा तर आपली गाववालीच, तिच्या नावातलं पहिलं अक्षरच जबलपूरचं.

बॅगेकडेही लक्ष द्या. मागच्या कॅरियरवरची जड बॅग चाकाच्याही मागे लोंबते आणि पुढचं टोक आणखी उचलते. जड वस्तू टाकीवरच्या पिशवीत घ्या, स्कूटर असेल तर पायांजवळ. टायरमध्ये हवा दोघांसाठी सांगितली आहे तेवढी भरा. तो आकडा पुस्तिकेत असतो, बऱ्याच गाड्यांवर स्टिकरही असतं.

परत आल्यावर एकट्यानं फिरणार असाल, तर खाच जुन्या जागी आणा. अनेकजण ती कायम शेवटच्या खाचेवर ठेवतात आणि मग कंबर दुखते म्हणून सीटला दोष देतात. एकट्याच्या वजनाला तशी गाडी खड्ड्यांवर उड्या मारते. नागपूरला जाताना कुरई घाटातही दोघं असाल तर हीच मापं कामी येतील. म्हणून तुमच्या गाडीचे आकडे एका कागदावर लिहून टूलकिटमध्येच ठेवून द्या.