रक्तातल्या लोहाचा हिशेब

‘एचबी (हिमोग्लोबिन) किती?’ दवाखान्यात अशक्तपणाची चौकशी या प्रश्नाने सुरू होते आणि बऱ्याचदा तिथेच संपते. ही सवय जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्विस डॉक्टर हेरमान साहली यांनी हिमोग्लोबिन मोजायची सोपी रीत दिली. बोटातले थोडे रक्त सौम्य आम्लात मिसळायचे, तपकिरी झालेला रंग पाणी घालत शेजारच्या काचेशी जुळवायचा आणि नळीवरचा आकडा वाचायचा. आपल्याकडे ती अनेक पिढ्या चालली.

हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोह कमी, या समजाला मुंबईतच धक्का बसला होता. १९२८ साली इथे आलेल्या डॉक्टर लूसी विल्स यांनी गिरणी कामगार गर्भवतींमधला एक प्रकारचा अ‍ॅनिमिया अभ्यासला. तो यीस्टपासून केलेल्या मार्माइटने हटला. उणीव होती ती पुढे फोलेट या नावाने ओळखल्या गेलेल्या जीवनसत्त्वाची.

लोहाचा साठा पाहायचा तर हाडात सुई घालून मज्जा काढावी लागे. साठा धरून ठेवणारे फेरिटिन हे प्रथिन शास्त्रज्ञ लाउफबर्गर यांनी १९३७ साली घोड्याच्या प्लीहेतून वेगळे केले होते. पण माणसाच्या रक्तद्रवात ते नेमके मोजता आले १९७२ साली, कार्डिफमध्ये. मग क्रम उलगडला. आधी फेरिटिन उतरते, मग रक्तातून लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिन या प्रथिनावरचे लोह घटते आणि हिमोग्लोबिन सर्वांत शेवटी. कणगी तळाला गेली तरी काही दिवस घरात भाकरी होतच राहते, तसे हे आहे.

फेरिटिनही चकवते. ताप, संसर्ग किंवा सूज असली की साठा नसतानाही ते वाढते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली लोहाची कमतरता ठरवायला फेरिटिनच्या दोन मर्यादा ठेवल्या: निरोगी प्रौढात लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमखाली, तर संसर्ग वा सूज असताना ७० खाली. सोबत सूज दाखवणारी सीआरपी तपासतात ते यासाठीच. नुसते ‘सीरम आयर्न’ तर दिवसभरातही खालीवर होते.

भारतात २०१६ ते २०१८ या काळातल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात मुलांच्या शिरेतले रक्त घेऊन फेरिटिन, बी-१२ आणि फोलेटही मोजले. अ‍ॅनिमिया असलेल्या कितीतरी मुलांत कारण लोहाचे नव्हतेच.

रिपोर्टात एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) कमी, फेरिटिन मात्र पुरेसे असेल, तर आणखी लोहाच्या गोळ्या घेण्याआधी थॅलेसेमिया मायनर या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषासाठी एचबीए-टू तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावे. लग्न किंवा मूल यांचा विचार असेल तर जोडीदाराचीही तपासणी करावी.