संगणकाची कळ : एक मागोवा

1992 साली ठाण्याची खाडी ओलांडून उपनगरी रेल्वे वाशीस पोहोचली, आणि त्याच दशकात सिडकोने वसविलेल्या नवी मुंबईतील कचेऱ्यांतून, पेढ्यांतून व पुढे घराघरांतून संगणक रुजू झाला. त्या यंत्राची गती आणि स्मरणशक्ती किती वाढली याचा हिशेब पुष्कळांनी मांडला आहे. परंतु चालू-बंद करण्याच्या ज्या कळीवर बोट ठेवल्यावाचून त्या गतीचा प्रत्ययच येत नाही, ती कळ या काळात अधिक सोयीची झाली की कमी, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण यंत्राशी माणसाचा पहिला आणि अखेरचा व्यवहार तिच्याच द्वारे होतो.

आय.बी.एम.ने 1981 साली आपला वैयक्तिक संगणक विक्रीस आणला, तेव्हा त्याची तांबडी, ठसठशीत कळ उजव्या अंगास, पार मागच्या बाजूला होती. हात लांबवावा लागे हे खरे. पण तिने वीज प्रत्यक्ष तोडली वा जोडली जाई, यात संदेहास जागा नव्हती. पुढे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळविलेले संगणक वाशी-नेरूळच्या घरांत आले, त्यांत ही कळ दर्शनी भागावर आली, आणि 230 व्होल्टची वीज जाड तारेने तिच्यापर्यंत आणलेली असे. दाबल्यावर ती आत रुतून राही. त्यामुळे अंधारातही नुसत्या बोटाच्या स्पर्शाने यंत्र चालू आहे की बंद, हे समजे. तिच्या शेजारीच रीसेटचे बटण बसविण्याची चूक मात्र कारखानदार वर्षानुवर्षे करीत राहिले, आणि एका चुकल्या बोटाने दिवसभराचा मसुदा नाहीसा होई.

आपल्याकडे या कळीच्या मागे आणखी कळा होत्या. आधी भिंतीवरचा बोर्ड, मग स्टॅबिलायझर, मग टेबलाखाली धुळीत ठेवलेला यूपीएस, नंतर ज्या पेटीस लोक सर्रास सीपीयू म्हणतात ती, आणि शेवटी मॉनिटर. भारनियमनाच्या दिवसांत यूपीएस किंचाळू लागला की वाकून नेमके कोणते बटण दाबावयाचे, याची धांदल ज्याने पाहिली आहे, त्याला यंत्राची सुलभता म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही.

खरे स्थित्यंतर झाले ते 1995 साली इंटेलने एटीएक्स ही मदरबोर्डची नवी रचना पुढे आणल्यावर. तोवर कळ हा हुकूम होता. तेव्हापासून ती अर्ज झाली. बोट दाबल्याने वीज तुटेनाशी झाली. दाबणाऱ्याची इच्छा यंत्रास कळविली जाऊ लागली आणि मंजुरीचा अधिकार आज्ञावलीकडे गेला. यात लाभ मोठा होता, कारण उघडलेली कागदपत्रे जतन करण्याची संधी देऊन मगच यंत्र विसावू लागले. परंतु त्या एकाच दाबाचा अर्थ कोठे झोपणे, कोठे बंद होणे, तर कोठे काहीच न होणे असा बदलता झाला, आणि यंत्र अडून बसले तर चार सेकंद दाबून धरावे हा अत्यंत उपयुक्त नियम सामान्यतः पेटीवर कोणी छापला नाही. विंडोज व्हिस्टाच्या पडद्यावर कळीचेच चिन्ह होते. ते दाबल्यावर यंत्र बहुधा बंद न होता झोपी जाई. अशा संदिग्धतेचे समर्थन मला करता येत नाही.

12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी मुंबई, ठाणे व नवी मुंबईचा वीजपुरवठा एकाएकी खंडित झाला, तेव्हा टाळेबंदीमुळे असंख्य माणसे घरी बसून दूरच्या कचेरीतील संगणकावर काम करीत होती. रुतून राहणाऱ्या जुन्या कळीचे यंत्र वीज परतताच आपोआप सुरू झाले असते. नव्या रचनेत मात्र तशी तजवीज आधी बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ आज्ञावलीत, करून ठेवलेली नसेल, तर वीज येऊनही यंत्र निश्चल राहते, आणि कोणाला तरी प्रत्यक्ष जाऊन कळ दाबावी लागते. ही सोय बहुतेक यंत्रांत असते. ती कोठे आहे, हे वापरणाऱ्यास कोणी सांगत नाही.

ऐरोली-महापे पट्ट्यात आता मोठी डेटा सेंटरे उभी आहेत. अशा केंद्रांत जेथे आणीबाणीत वीज तोडण्याचे बटण असते, तेथे ते चुकून दाबले जाऊ नये म्हणून त्यावर झाकण बसविण्याची रीत आहे. याउलट कित्येक लॅपटॉपांत पॉवरचे बटण डिलीटच्या अगदी शेजारी, त्याच मापाचे, त्याच रंगाचे असते. आणि 2024 च्या मॅक मिनी संगणकात तर ते यंत्राच्या तळाशी नेण्यात आले. सौंदर्याच्या हव्यासापायी सोय बाजूस सारल्याची ही उदाहरणे आहेत.

म्हणून शाळा, बँका, नगरपालिका यांच्यासाठी संगणकखरेदीच्या निविदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांस माझी विनंती आहे की, प्रोसेसर व मेमरी यांच्या अटींबरोबर त्यांनी आणखी एक अट घालावी : कळ दर्शनी असावी, इतर बटणांपासून दूर असावी, स्पर्शाने ओळखू यावी, आणि चार सेकंदांचा नियम तिच्याजवळ मराठीत छापलेला असावा.