टॉकीज वाचवायची म्हणजे नक्की काय वाचवायचं?

गणपतीच्या खरेदीला चिंचवडहून पुण्याच्या मंडईत गेलं की पहिला प्रश्न असतो गाडी कुठे लावायची. उत्तर ठरलेलं: आर्यनला, नाहीतर मिनर्व्हाला. दोन्ही महापालिकेचे वाहनतळ आणि दोन्ही नावं चित्रपटगृहांची. आर्यन हे पुण्याचं पहिलं कायमस्वरूपी चित्रपटगृह, 1915 साली सुरू झालेलं. सिनेमा तोवर तंबूत राहायचा, तो इथे भिंतींच्या आत आला. 1983 मध्ये आर्यन पाडलं. आता तिथे स्कूटरला जागा मिळते आणि नाव लोकांच्या तोंडी शाबूत आहे. गाडी लावताना त्या नावाचं काही वाटलं पाहिजे, पण मागचा हॉर्न वाजवत असतो.

आपल्या पिंपरी-चिंचवडकडे मंडईसारखी पेठही नाही आणि आर्यनसारखं वयही नाही. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली 1954 मध्ये, एमआयडीसी साठच्या दशकात, नगरपालिका 1970 मध्ये आणि महापालिका 1982 मध्ये. म्हणजे आर्यन पडलं तेव्हा आपली महापालिका जेमतेम वर्षाची होती. त्यामुळे हे शहर स्वतःला जुनं समजतच नाही. जुनं म्हणजे मोरया गोसावींची समाधी, जुनं म्हणजे चापेकर वाडा. कामगारांनी पन्नास वर्षं जिथे शिट्ट्या मारल्या त्या टॉकीजला इतिहास म्हणायला आपली जीभ रेटत नाही. पिंपरीतल्या विशाल टॉकीजचं मल्टिप्लेक्स झालं. नावात विशाल राहिलं, मागे ई-स्क्वेअर आलं. ते निदान सिनेमाच दाखवत राहिलं, हेही नशीबच. त्यासाठी कुणी मोर्चा काढल्याचं मात्र कधी ऐकलं नाही.

खरं तर या पट्ट्यातल्या टॉकीजचं गणित कारखान्याच्या भोंग्याशी जुळलेलं होतं. बारा, तीन, सहा, नऊ असे चार खेळ. दुसऱ्या पाळीला जाणारा बाराचा खेळ बघून परस्पर कंपनीच्या गेटवर, पहिल्या पाळीतून सुटलेला सहाच्या खेळाला, आणि रविवारी सगळं कुटुंब. हे गणित आपण शोधलेलं नाही. ते मुंबईच्या गिरणगावातून आलं, आणि टॉकीज वाचवण्याच्या लढाईचं मराठीतलं सगळ्यात ठसठशीत उदाहरणही तिथलंच आहे.

लालबागचं भारतमाता हे मराठी सिनेमाचं हक्काचं घर. हिंदीवाल्यांकडून मराठी चित्रपटाला मॅटिनी मिळायचीही मारामार होती, तेव्हा इथे दिवसभर मराठीच चालायचा. तिकीट गिरणी कामगाराच्या खिशाला झेपेल इतकं. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना परत आत जाता आलं नाही. गिरण्यांच्या जागी टॉवर आले. भारतमाता मात्र उभं राहिलं. अडचण एवढीच होती की ते ज्या जमिनीवर उभं होतं ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची, म्हणजे गिरणीचीच होती. भाडेकरार संपल्यावर महामंडळाने जमीन परत मागितली आणि ‘भारतमाता वाचवा’ म्हणत मराठी कलावंत, प्रेक्षक, राजकीय पक्ष रस्त्यावर आले. भारतमाता तेव्हा टिकलं.

इथे थोडं थांबायला हवं. वर्तमानपत्रांत या लढाईला नेहमी ‘आठवणींची लढाई’ म्हटलं जातं. ती आठवणींची नव्हती, सातबाऱ्याची होती. टॉकीज पडते तेव्हा सिनेमा हरलेला नसतो, जमीन जिंकलेली असते.

हिशोबच बघा. आठशे खुर्च्यांच्या थिएटरात शुक्रवारी नवा सिनेमा लागतो आणि मंगळवारी साठ माणसं असतात. मल्टिप्लेक्सवाला तो सिनेमा उचलून छोट्या पडद्यावर टाकतो आणि मोठा पडदा दुसऱ्याला देतो. एकपडदावाल्याला ती सोयच नाही. साठ जणांसाठीही आठशे जणांचे पंखे, वीज, झाडलोट, डोअरकीपर. त्यात 2001 च्या सुमारास राज्याने मल्टिप्लेक्सना सुरुवातीच्या वर्षांत करमणूक करात घसघशीत सवलत दिली. शेजारचं जुनं थिएटर पूर्ण कर भरत राहिलं. पुढे रीळ गेलं आणि सिनेमा उपग्रहावरून सर्व्हरवर यायला लागला. पूर्वी एकच प्रिंट दोन टॉकीजमध्ये फिरायची. एक पोऱ्या सायकलवर डबे घेऊन पळायचा आणि त्याला उशीर झाला की मध्यंतर लांबायचं. तंत्र बदलल्यावर ती धावपळ संपली. पण नवा प्रोजेक्टर घ्यायचा किंवा भाड्याने आणायचा खर्च मालकाच्याच डोक्यावर आला. आणि या सगळ्या काळात थिएटरखालच्या जागेचा भाव मात्र दर वर्षी चढत होता.

मग मालक थिएटर पाडून मोकळा का होत नाही? कारण तो एका नियमात अडकलेला असतो. चित्रपटगृहाच्या जागी दुसरी इमारत बांधायची तर जुन्या आसनसंख्येच्या साधारण एक तृतीयांश आसनांचं चित्रपटगृह नव्या इमारतीत ठेवावं लागतं. हेतू चांगलाच आहे. परिणाम असा की चालवणं परवडत नाही आणि पाडणं सोयीचं नाही. गावोगावी शटर ओढलेल्या, पिंपळ उगवलेल्या ज्या टॉकीज दिसतात त्यांच्यामागे आळसापेक्षा हे त्रांगडं जास्त असतं. मालकांच्या संघटना ही अट काढा म्हणून सरकारच्या दारात जातात. प्रेक्षक ती ठेवा म्हणतो, पण तिकीट काढायला जात नाही.

पुण्याच्या प्रभातची गोष्ट याच जमिनीच्या मालकीची, फक्त शेवट वेगळा. 1934 पासूनचं हे थिएटर इंदूरच्या किबे कुटुंबाचं होतं आणि प्रभात फिल्म कंपनीला भाडेकराराने दिलेलं होतं. 2014 च्या अखेरीस करार संपला. शेवटच्या दिवसांत लोक निरोप द्यायला आले, कित्येकांनी डोळे पुसले. प्रभात गेलं असंच सगळे धरून बसले होते. किबेंनी मात्र ते दुरुस्त करून किबे लक्ष्मी या मूळ नावाने पुन्हा उघडलं, पडदा एकच ठेवून. मालकाच्या मनात असलं की आंदोलनाची गरजच पडत नाही. नसलं की काय होतं, ते कोल्हापूरला विचारा.

जयप्रभा स्टुडिओ हे थिएटर नाही, पण धडा तोच आहे. भालजी पेंढारकरांनी आपल्या मुलांच्या, जयसिंग आणि प्रभाकर यांच्या, नावावरून ठेवलेलं हे नाव. 1948 मध्ये गांधीहत्येनंतरच्या दंगलीत स्टुडिओ जळाला, भालजी कर्जात बुडाले आणि पुढे तो लता मंगेशकरांकडे गेला. 2012 मध्ये त्याला वारसा वास्तूचा दर्जा मिळाला. 2022 च्या फेब्रुवारीत, लताबाई गेल्यानंतर काही दिवसांतच, कोल्हापूरला कळलं की जागा 2020 मध्येच विकली गेली आहे. कलाकार-तंत्रज्ञ साखळी उपोषणाला बसले. वारसा दर्जा होता, तरी विक्री झाली होती. दर्जा भिंतीला मिळतो. आत कॅमेरा चालेल की नाही, याबद्दल तो कागद मुका असतो.

पॅरिसच्या लोकांनी हे ओळखलं. तिथलं ला क्लेफ नावाचं वस्तीतलं थिएटर 2018 मध्ये बंद झालं. पुढच्या वर्षी चित्रपटप्रेमींनी त्याचा ताबा घेतला आणि ज्याला जमतील तेवढे पैसे घेऊन रोज सिनेमे दाखवले. 2022 मध्ये पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. घोषणा देऊन ते घरी गेले नाहीत, वर्गणी काढत बसले. 2024 मध्ये त्यांनी ती इमारतच विकत घेतली, तीही अशा अटीवर की पुन्हा ती नफ्यासाठी विकता येऊ नये. घोषणेपेक्षा खरेदीखत टिकाऊ.

आपल्याकडे वर्गणीतून थिएटर, ही कल्पना कुणालाही हास्यास्पद वाटेल. पण जरा आपल्याच शहराकडे बघू. चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरचं आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीचं अंकुशराव लांडगे नाट्यगृह, पिंपळे गुरवचं निळू फुले नाट्यगृह, प्राधिकरणातलं ग. दि. माडगूळकर नाट्यगृह. ही सगळी लोकांच्या करातून बांधलेली, महापालिकेची. नाटक धंदा म्हणून परवडत नाही हे मान्य करूनच आपण ती बांधली आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. गंमत म्हणजे यांतली किती नावं सिनेमाची आहेत पाहा. अत्र्यांनी ‘श्यामची आई’ काढला. निळूभाऊंना महाराष्ट्र ओळखतो तो पडद्यावरून. ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा गदिमांची. माणसं सिनेमाची, पाट्या नाट्यगृहांच्या, आणि सिनेमासाठी महापालिकेचा एकही पडदा नाही. रंगमंदिर ही संस्कृती आणि टॉकीज ही करमणूक, अशी फोड आपण कधी केली कुणास ठाऊक. करही तसाच लावला.

चाकणला शनिवारी बाजार भरतो. कांद्याच्या गाड्यांच्या मागे एमआयडीसीतून सुटलेली पोरं दिसतात. बीडची, यवतमाळची, गोरखपूरची, ओडिशाची. एका खोलीत चौघं-पाचजण राहतात, पाळी संपली की आडवं पडून मोबाइलवर सिनेमा बघतात, प्रत्येक जण आपापल्या कानात. मॉलमधलं तिकीट आणि पॉपकॉर्न मिळून त्यांची दिवसाची कमाई जाते. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे. म्हणजे स्वस्त तिकिटाचं थिएटर चालवायला कागदावर तरी थोडी जागा झाली आहे. बाराच्या खेळाला येऊन तिथून थेट दुसऱ्या पाळीला जाणारा माणूसही अजून आहे. फक्त आता त्याची बस चाकणच्या चौकात सुटते आणि तिथे त्याला बाराला कुठे बसायचं, हे सांगणारा बोर्ड नाही.