विश्लेषण : रेशनकार्ड गावाकडे, पोट सरावलीत; स्थलांतरितांचे हक्काचे धान्य अडते कुठे?

तारापूर औद्योगिक क्षेत्राला लागून असलेल्या सरावलीत अनेक कामगार भाड्याच्या खोल्यांत राहतात. पत्ता इथला, पण रेशनकार्ड जव्हार-मोखाड्याचे, नाहीतर थेट उत्तर प्रदेश-बिहारचे. कायद्याने हे धान्य मोफत आहे आणि देशात कुठेही उचलता येते. मग ते घरापर्यंत पोहोचण्यात अडचण कुठे येते?

अन्नसुरक्षा म्हणजे नेमके काय?

१९९६ मध्ये रोममध्ये झालेल्या जागतिक अन्न परिषदेत याची व्याख्या ठरली. तिचे चार भाग पडतात : अन्न उपलब्ध असणे, ते मिळवता येणे, त्यातून शरीराला पोषण मिळणे आणि हे सारे बाराही महिने टिकणे. बोईसरच्या बाजारात धान्याला तोटा नाही, म्हणजे पहिली अट पूर्ण होते. प्रश्न उरलेल्या तिन्हींचा आहे. काम सुटले, कारखाना बंद राहिला किंवा घरात आजारपण आले, की आधी ताटातली डाळ आणि भाजी कमी होते.

सरावलीचा प्रश्न वेगळा का?

सरावलीचा कारभार ग्रामपंचायत पाहते, पण २०११ च्या जनगणनेत तिची नोंद ‘जनगणना शहर’ अशी आहे. लोकसंख्या किमान पाच हजार, घनता चौरस किलोमीटरला किमान ४०० आणि ७५ टक्के पुरुष कामगार शेतीबाहेरच्या कामात, असे निकष असले की गावाला हा शिक्का बसतो. म्हणजे शेती कमी, विकतचे अन्न जास्त.

दुसरीकडे, १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात कुपोषणाचा इतिहास जुना आहे. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीचे १९९२ मधील बालमृत्यू राज्याला हादरवून गेले होते. आजही भाताची कापणी उरकली की डोंगरी भागातील आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्या, बांधकामे आणि कारखान्यांच्या दिशेने निघतात. कार्ड मागे राहते, माणसे पुढे जातात.

कोणाला किती धान्य मिळते?

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, तर प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून ही सवलत पाच वर्षांसाठी वाढवण्यात आली.

प्राधान्य कुटुंबासाठी राज्याने अंमलबजावणीच्या वेळी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरी भागात ५९ हजार रुपये ठेवली. महिन्याचा हिशेब केला तर ग्रामीण मर्यादा ३,६६७ रुपयांच्या आसपास येते. कारखान्यात नियमित काम मिळालेला एकटा मजूरही ती सहज ओलांडतो. त्याच्या खोलीचे भाडे मात्र या हिशेबात कुठेच येत नाही.

‘एक देश, एक रेशनकार्ड’ चालते कसे?

ऑगस्ट २०१९ मध्ये पहिल्या राज्यांच्या जोड्या झाल्या, त्यात महाराष्ट्र-गुजरात ही एक होती. जून २०२२ पर्यंत सर्व राज्ये जोडली गेली. लाभार्थी कोणत्याही रेशन दुकानात जाऊन कार्ड क्रमांक किंवा आधार क्रमांक सांगतो आणि ई-पॉस यंत्रावर अंगठा लावतो. यंत्र मध्यवर्ती नोंदींमधून त्या कार्डावर या महिन्याचे किती धान्य शिल्लक आहे ते दाखवते. तेवढेच मिळते आणि तेवढेच वजा होते. नवीन कार्ड काढण्याची किंवा नाव हलवण्याची गरज नसते.

उदाहरणार्थ, पाच जणांच्या प्राधान्य कुटुंबाचा कोटा २५ किलो. आईवडील सरावलीत, आजी आणि दोन मुले गावी. आईवडिलांनी इथे १० किलो उचलले, तर उरलेले १५ किलो गावच्या दुकानात मिळतात. एक गोष्ट लक्षात ठेवायची : यंत्र पूर्ण कार्डाची शिल्लक दाखवते. इथे सगळे २५ किलो उचलले, तर आजीला रिकाम्या हाताने परतावे लागते. त्यामुळे कोणी किती उचलायचे, हे फोनवर आधी ठरवलेले बरे.

मग अडते कुठे?

पहिली अडचण अंगठ्याची. वीट, सिमेंट आणि रसायनांत काम करणाऱ्यांचे ठसे झिजतात आणि यंत्र ओळख पटवत नाही. दुसरी ई-केवायसीची. ते राहून गेल्यास नाव वगळले जाण्याचा धोका असतो. यासाठी गावी जावे लागत नाही, देशातील कोणत्याही रेशन दुकानात ते करता येते. तिसरी साठ्याची. दुकानाला धान्य त्याच्याशी जोडलेल्या कार्डांनुसार येते. बाहेरचे ग्राहक वाढले आणि वाढीव साठा वेळेत आला नाही, की तुटवडा पडतो.

चौथी अडचण सर्वांत मोठी. लाभार्थ्यांची कमाल संख्या आजही २०११ च्या जनगणनेवर बांधलेली आहे. महाराष्ट्रासाठी ती साधारण सात कोटी आहे. त्यानंतर जन्मलेली मुले आणि वाढलेल्या वस्त्या याच आकड्यात बसवायच्या आहेत. ई-श्रम पोर्टलवर नोंदणी असूनही रेशनकार्ड नसलेल्या सुमारे आठ कोटी कामगारांना कार्ड द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना सांगितले ते यामुळेच.

रेशनकार्डच नसेल तर?

अंगणवाडी आणि शाळेतील आहाराला रेशनकार्ड लागत नाही. सहा महिने ते सहा वर्षांचे मूल, गरोदर व स्तनदा माता यांना जवळच्या अंगणवाडीत नाव नोंदवता येते, कुटुंब काही महिन्यांसाठी आलेले असले तरीही. अनुसूचित क्षेत्रात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण आणि सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंडी किंवा केळी देण्याची तरतूद आहे.

गावपातळीवर काय करता येते?

तांदूळ-गहू पोट भरतो, पण लोह आणि जीवनसत्त्वे भाजीतून येतात. ‘उमेद’च्या बचत गटांमार्फत राज्यभर पोषण परसबागांवर भर दिला जातो. खोलीसमोर जागा नसेल, तर अंगणवाडी किंवा शाळेच्या आवारात मेथी, माठ, शेवगा लावता येतो. पावसाळ्यात टाकळा, शेवळे, कंटोळी, कुर्डू या रानभाज्या आदिवासी घरांत आजही शिजतात. जव्हार भागात ‘बायफ’ने वाडी प्रकल्पासोबत भात, नागली, वरीच्या गावठी वाणांची बियाणे बँक उभी केली आहे. घरचे बियाणे असले की पेरणीसाठी उधारी करावी लागत नाही.

तारापूर पट्ट्यात एक पथ्य मात्र पाळावे लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले होते. त्यामुळे परसबागेला नाल्याचे पाणी नको. पिण्याच्या पाण्याचा नळ किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरावे.

तक्रार कुठे करायची?

दुकानदाराने ‘तुमचे कार्ड इथले नाही’ म्हणून परत पाठवले तर १९६७ या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार करता येते. दुसऱ्या राज्यातील कार्डासाठी १४४४५ हा क्रमांक आहे. ‘मेरा राशन’ अॅपवर शिल्लक कोटा आणि जवळची दुकाने दिसतात. कायद्यानुसार तालुका आणि गावपातळीवर दक्षता समित्या, जिल्हा स्तरावर तक्रार निवारण अधिकारी आणि त्यावर राज्य अन्न आयोग आहे. पात्र व्यक्तीला धान्य मिळालेच नाही, तर अन्नसुरक्षा भत्ता मागण्याचा हक्कही कायद्यात आहे.

पुढे काय?

नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. सरावलीसारख्या वाढलेल्या वस्त्यांची खरी संख्या तेव्हा कागदावर येईल आणि कोटा वाढवण्याच्या मागणीला आधार मिळेल. तोपर्यंत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनीही गणनेत आपले नाव राहत्या जागी नोंदवले जाईल, हे पाहणे महत्त्वाचे आहे.