बंगारपेटच्या दोन शाखा

बंगळूरच्या पूर्वेस सुमारे ७० किलोमीटरवर बंगारपेट हे लोहमार्गाचे स्थानक आहे. तेथून दोन शाखा फुटतात. पहिली आग्नेयेस मारिकुप्पमकडे जाते. ती कोलारच्या सोन्याच्या खाणींकरिता १८९४ मध्ये सुरू झाली. दुसरी उत्तरेस कोलार शहराकडे जाते. ती १९१३ मध्ये सुरू झाली. पहिली शाखा टिकली. दुसरी मोडली आणि पुढे पुन्हा बांधावी लागली. या भिन्न भवितव्यांचे कारण रुळांच्या मापात सापडते.

दोन रुळांच्या आतील कडांमधील अंतर म्हणजे लोहमार्गाचे माप होय. भारतात रुंदमापी मार्ग १,६७६, मीटरमापी १,००० आणि अरुंदमापी ७६२ मिलिमीटरांचे होते. अरुंदमापी गाडी तीव्र वळणे सहज घेते. त्यामुळे टेकडी फोडण्याऐवजी तिला वळसा घालता येतो; रूळ हलके आणि पूल लहान चालतात. अशा स्वस्त मार्गाचे उदाहरण महाराष्ट्रातील वाचकांस परिचित आहे: १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे याच मापाची होती.

खाणींकडे जाणारी शाखा मुख्य मार्गाप्रमाणेच रुंदमापी होती. कोलारची शाखा मात्र अरुंदमापी झाली. विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण होते (१९१२–१९१८), त्या काळात ती श्रीनिवासपूर, चिंतामणी, शिडलघट्टा व चिकबळ्ळापूर या गावांना जोडली गेली. देवनहळ्ळी व यलहंकामार्गे ती बंगळूरजवळच्या यशवंतपूरला पोहोचली. रेशीम व नाचणी पिकविणाऱ्या या प्रदेशास आगगाडी मिळाली ती या काटकसरीमुळेच.

परंतु तीच काटकसर पुढे महाग पडली. या मार्गाच्या एका टोकास, बंगारपेटला, रुंदमापी रूळ होते आणि दुसऱ्या टोकास, यशवंतपूरला, मीटरमापी. अरुंदमापी डबा कोणत्याच बाजूने पुढे जाऊ शकत नसे. चिंतामणीचे पोते मद्रासला धाडावयाचे झाल्यास ते बंगारपेटला उतरवून दुसऱ्या डब्यात भरावे लागे. हमाली वाढे, वेळ जाई, नासधूस होई. मालमोटार आली तेव्हा तिने हेच पोते एकदा उचलून थेट बाजारात नेऊन टाकले. थोड्या अंतराच्या वाहतुकीत आगगाडीचा वेग या चढउताराची भरपाई करू शकला नाही.

हा प्रश्न केवळ म्हैसूरचा नव्हता. ब्रिटनमध्ये बीचिंग यांच्या १९६३ च्या अहवालाने शेकडो स्थानके बंद करण्याची शिफारस केली. भारतातही १९६९ मध्ये तोट्यातील शाखामार्गांचा विचार करण्यास समिती नेमण्यात आली. अशा हिशेबात एक अडचण असते. शाखेवर चढलेला प्रवासी पुढे मुख्य मार्गावर शेकडो किलोमीटर जातो. ते उत्पन्न शाखेच्या खाती दिसत नाही.

१९९२ पासून भारतीय रेल्वेने सर्वत्र एकच माप ठेवण्याचे धोरण स्वीकारले. कोलारच्या मार्गावरील अरुंद रूळ निघाले आणि त्याची दोन्ही टोके आधी रुंदमापी झाली. कोलार–चिकबळ्ळापूर हा मधला भाग मात्र रेंगाळला. चिंतामणी व शिडलघट्ट्याचे लोक बरीच वर्षे आगगाडीवाचून राहिले. तेथे गाडी पुन्हा धावली ती २०१३ मध्ये.

आता पहिल्या शाखेकडे पाहू. सोन्याच्या खाणी २००१ मध्ये बंद पडल्या. ज्या कारणास्तव मार्ग बांधला, ते कारणच उरले नाही. तरीही मार्ग चालू राहिला. कारण त्याचे रूळ मुख्य मार्गाशी जुळत होते. खाणींच्या वसाहतींतील माणसे त्याच गाडीने बंगळूरला कामास जाऊ लागली. देवनहळ्ळीचे उदाहरणही असेच आहे. तेथे २००८ मध्ये विमानतळ झाला आणि २०२१ मध्ये शेजारून जाणाऱ्या त्या जुन्याच मार्गावर विमानतळाकरिता थांबा उघडला. १९१५ च्या सुमारास ही वाट आखणाऱ्यांनी विमानतळाची कल्पनाही केली नसेल.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. रूळ उखडणे सोपे असते; पण सलग पट्टीने संपादन केलेली जमीन, मातीचे भराव आणि पाणी वाहून नेणाऱ्या मोऱ्या हीच लोहमार्गाची खरी ठेव होय. ती जपली तर मार्ग पुन्हा उभा राहू शकतो. विकली किंवा बुजविली तर परत मिळविणे अतिशय कठीण. आपल्या गावाजवळ झुडपांत दडलेला एखादा सरळ, लांब भराव आढळल्यास विद्यार्थ्यांनी तो कोठून कोठे जातो, हे नकाशावर अवश्य शोधून पाहावे.