रातपाळी आणि झोप



महाडच्या औद्योगिक वसाहतीत रातपाळी सुटते, तेव्हा वीरच्या बाजूची माणसे चहा घेऊन शेताकडे निघालेली असतात. रातपाळीचा कामगार घरी येतो, दोन घास खातो आणि डोक्यावरून चादर ओढून पडतो. बाहेर पोरे खेळतात, हमरस्त्यावर ट्रकचे भोंगे वाजतात, पत्रा तापू लागतो. तीन-चार तासांत तो उठून बसतो आणि समोर येईल त्या पोरावर खेकसतो. घरचे म्हणतात, "कंपनीत लागल्यापासून ह्याचा स्वभाव फिरला." आम्हीही या वसाहतीत वीस वर्षे पाळी केली. आमच्याविषयीही घरात हेच बोलले जाई, आणि ते खोटे नव्हते. एकदा तर झोपमोड केली म्हणून आम्ही मुलावर हात उगारला. तो तेव्हा पाच वर्षांचा होता. पुढे कित्येक दिवस तो आम्ही घरी असताना पायांचा आवाज न करता चाले.

हा स्वभाव का फिरतो, एवढेच आज समजून घ्यायचे आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. आठवीत शाळा सुटली. पुढचे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत. त्यातले जे अनुभवाशी जुळले तेवढेच सांगतो.

आपल्या बांधावरची लाजाळू सर्वांना ठाऊक आहे. रात्री ती पाने मिटते, दिवसा उघडते. 1729 साली द मेरान नावाच्या फ्रेंच पंडिताने असे एक रोपटे काळोखात ठेवून पाहिले. सूर्य दिसत नसतानाही पाने आपल्या वेळेला उघडत नि मिटत राहिली. म्हणजे घड्याळ रोपट्याच्या आतच होते. असेच घड्याळ माणसाच्या मेंदूतही आहे. पिकल्या केळ्यावर बसणाऱ्या चिलटांमध्ये हे घड्याळ कसे चालते ते शोधणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हे घड्याळ उजेडावर लावले जाते. अंधार पडला की शरीर झोपेची तयारी करते, पहाटे चार-पाचच्या सुमारास अंग सर्वांत थंड नि मन सर्वांत मंद असते, आणि सकाळी पुन्हा सगळे जागे होऊ लागते. रातपाळीचा माणूस नेमका ह्याच्या उलट चालतो. म्हणून त्याची दिवसाची झोप तुटक होते.

कोणी म्हणेल, सवय होते. बहुतेकांना होत नाही. कारण सकाळी घरी परतताना डोळ्यांवर पडणारे ऊन ते घड्याळ पुन्हा दिवसावर आणून ठेवते. कोणी म्हणेल, शेतकरी नाही का रानडुकरांसाठी राखणीला जागत? जागतो, पण ती हंगामापुरती. आमची राखण वर्षानुवर्षांची, आणि दर आठवड्याला वेळ बदलणारी.

ह्याची किंमत केवळ चिडचिडीत मोजून चालत नाही. वर्षानुवर्षे पाळी करणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकार यांचे प्रमाण अधिक आढळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 साली रातपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' ठरवले आणि 2019 साली तो निर्णय कायम ठेवला. इंग्लंडकडील 60,000 हून अधिक लोकांच्या झोपेची अलीकडे पाहणी झाली. तीत असे दिसले की माणूस किती तास झोपतो, ह्यापेक्षा तो नेमाने झोपतो की नाही ह्यावर त्याच्या आयुष्याचा अंदाज अधिक बांधता येतो.

आता सुरक्षिततेचे पाहा. सतरा तास जागा असलेला माणूस थोडी दारू घेतलेल्या माणसासारखा चुकतो, असे प्रयोगात दिसले आहे. आमच्या एका सोबत्याने पहाटे चार वाजता भलताच व्हॉल्व्ह उघडला. दैव बलवत्तर म्हणून निभावले. चौकशी झाली, मेमो मिळाला, युनियनने रदबदली करून नोकरी वाचवली. पण तो सलग दुसऱ्या पाळीवर होता, सोळा तास उभा होता, हे त्या कागदांत कोठेच आले नाही. आम्हीही ते लिहिले नाही.

येथे आम्हांला स्वतःची चूक कबूल केली पाहिजे. झोपेचे तास हे कामगाराने भांडून मिळवलेले आहेत. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीमुळे 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. पुढे 1905 च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले, नि दिवस मावळला तरी काम मावळेना. पंधरा-पंधरा तास साचे चालले. तेव्हा 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांत बारा तासांची मर्यादा घातली, 1948 च्या कायद्याने नऊ तासांची. त्या वारशाचे आम्ही काय केले? रातपाळीचा भत्ता मागितला, ओव्हरटाइमचा दुप्पट दर मागितला, आणि डबल पाळी मारणाऱ्याची पाठ थोपटली. आम्ही झोपेचा भाव वाढवून घेतला, झोप मागितली नाही.

मग करावे काय? घरात करण्यासारखे थोडे आहे, पण ते करावे. खिडकीला जाड पडदा लावावा, रातपाळीच्या आठवड्यात रोज एकाच वेळी पडावे, मध्यरात्रीनंतर चहा आवरावा. शेजारपाजाऱ्यांनीही दिवसा झोपलेल्याला आळशी म्हणू नये.

बाकीचे मात्र एकट्याच्या हातचे नाही. पाळी पहिली, दुसरी, तिसरी अशी पुढे सरकावी, उलटी नव्हे. कारण उशिरा झोपणे शरीराला लवकर झोपण्यापेक्षा सोपे जाते. अमेरिकेत युटा प्रांतातील एका पोटॅशच्या कारखान्यात असा क्रम लावून पाळी आठवड्याऐवजी 21 दिवसांनी बदलली. 1982 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: कामगारांची प्रकृती सुधारली आणि उत्पादनही वाढले. तेव्हा मालकाचे नुकसान होते, ही सबब उरत नाही. दोन पाळ्यांत निदान अकरा तासांचे अंतर असावे, डबल पाळी बंद व्हावी, आणि अपघाताच्या प्रत्येक चौकशीत पहिला प्रश्न असावा: हा माणूस किती तास जागा होता?

डबल बंद झाली तर कमाई कमी होईल, असे आमचेच सभासद आम्हांला म्हणतात. खरे आहे. म्हणून मूळ पगार असा हवा, की घर चालवण्यासाठी कोणाला झोप विकावी लागू नये. येत्या करारात ही मागणी पहिली लिहावी, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.